हुलसगीच्या बंधाऱ्याची दारं

गुरुसिद्धप्पाचं धोतर भिजत नव्हतं, म्हणून हुलसगीला नदी अडवता येत नव्हती.

परक्या माणसाला हे वेड्याचं बोलणं वाटेल, पण तीस वर्षं गावाचा कारभार असाच चालत आला होता. गावाच्या खालच्या अंगाला बेन्नीतुरा नदीवर बंधारा आहे, सोळा गाळ्यांचा. पावसाळाभर गाळे मोकळे असतात आणि नदी त्यातून निघून जाते. पाऊस सरला की गाळ्यांच्या खाचांत लोखंडी दारं सोडायची, एकावर एक चार-चार, आणि मागं जे साठेल ते वर्षभर पुरवायचं. दारं उशिरा टाकली तर नदीची धार आटून गेलेली असते, अडवायला काही उरत नाही. लवकर टाकली आणि वरून पूर आला तर पाणी बंधाऱ्यात मावत नाही, बाजूचा काठ फोडून वाट काढतं. पाटबंधारे खात्याच्या कागदावर ऑक्टोबरची पंधरा तारीख छापलेली आहे. पण पावसाला वाचता येत नाही, म्हणून गावानं हे काम गुरुसिद्धप्पावर सोपवलं होतं.

दसरा झाला की तो रोज उजाडताना नदीकाठच्या गवतातून चालत जायचा. दवानं घोट्यापर्यंत धोतर भिजलं पाहिजे. डोहातल्या तळाचा दगड वरून दिसला पाहिजे. आणि मावळतीचा वारा फिरून उगवतीचा झाला पाहिजे. तिन्ही खुणा पटल्या की तो घरी येऊन दारांच्या खोलीची किल्ली खुंटीवरून काढायचा. दोनच पटल्या तर किल्ली खुंटीवर राहायची, मग गाव कितीही कुरकुरू दे.

यंदा ऑक्टोबरची दहा तारीख आली तरी एकही खूण पटली नव्हती. हस्ताचा पाऊस बेतानंच पडून गेला होता. गवत कोरडं, पाणी चहासारखं, आणि वारा तर दिवसातून चार वेळा तोंड फिरवत होता. गुरुसिद्धप्पा सकाळी जाऊन यायचा, न्याहारी करून पुन्हा जायचा, दुपारी डोळा लागला न लागला की तिसऱ्यांदा उठायचा. इरम्मा, त्याची बायको, ज्वारी निवडता निवडता बघत होती.

"सारखं सारखं जाऊन नदी काय लवकर निवळतीया व्हय?" ती म्हणाली. "बसा की जरा एका जागी."

"बसवंना."

"त्ये दिसायलंय."

बेन्नीतुरा काही फार मोठी नदी नव्हे. वरच्या माळावरून निघते, मुरुम गावाच्या अंगानं वळसे घेत येते आणि हुलसगीच्या पुढं दोन कोसांवर कर्नाटकात शिरते. मराठीत उगवते आणि कानडीत बुडते, असं गावातली माणसं चेष्टेनं म्हणतात. पण याच पाण्यावर गावाची नळाची विहीर भरते, दोन्ही काठांच्या मोटारी चालतात, म्हशी डुंबतात, आणि दसऱ्याच्या आधी घरोघरच्या वाकळा याच डोहात धुतल्या जातात. यंदा वाकळा गढुळातच धुवाव्या लागल्या. आठ दिवस अंथरुणाला चिखलाचा वास येत होता, आणि त्याबद्दल बायका नदीला मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत शिव्या देत होत्या.

बंधाऱ्याच्या डाव्या खांद्याला लागूनच गुरुसिद्धप्पाची पट्टी होती. अडीच एकर. त्याची बाकीची जमीन वर माळाला, मुरमाड. ही पट्टी मात्र नदीनं पिढ्यान् पिढ्या आणून टाकलेल्या गाळाची. ढेकूळ हातात घेतलं तर दाबायच्या आधीच फुटायचं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळे पाहुणे इथंच यायचे, आंबील आणि भज्जी खाऊन कडब्याच्या खोपीजवळ लोळायचे. बंधारा बांधला तेव्हा इंजिनियरनं त्याच्या बापाला सांगितलं होतं की पूर अंगावर आला तर पाणी याच बाजूनं फुटेल, कारण पलीकडं खडक आहे आणि इकडं माती. बापानं मरताना जमिनीच्या वाटणीचं काही सांगितलं नाही, एवढंच सांगितलं.

त्या दिवशी दुपारी तो बंधाऱ्याच्या भिंतीवर उभा होता तेव्हा धुळाप्पा आला. धुळाप्पाचं शेत पलीकडच्या काठाला, वरच्या अंगाला. वयानं बारा-पंधरा वर्षांनी लहान, अंगानं दणकट, बोलायला तिखट. त्यानं पाण्यातल्या एका दगडाकडं बोट केलं.

"अप्पा, काल पानी त्या दगडाच्या टकुऱ्याला टेकलं व्हतं. आज चार बोटं खाली हाय."

"बघितलं म्या."

"बघितलं, मग? रोज चार बोटं पानी कर्नाटकात जायलंय. आमी काय तोंड बघत बसायचं?"

"चित्रा नक्षत्र लागलंय, धुळाप्पा. वारं ठरंना झालंय. चार दिस दम धर."

"गेल्या साली बी हेच म्हनलाव तुमी," धुळाप्पा म्हणाला आणि निघून गेला.

गुरुसिद्धप्पा तिथंच उभा राहिला. धुळाप्पा पलीकडच्या बाभळीआड दिसेनासा झाला तरी त्याचे कान तापलेलेच होते.

संध्याकाळी बसवण्णाच्या देवळाच्या कट्ट्यावर बैठक भरली. सरपंच शुभांगी खुर्चीवर बसली होती आणि तिच्या वतीनं तिचा नवरा सोमेश बोलत होता. हे गावाला इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणी प्रश्न विचारला तर तोही सोमेशकडंच बघून विचारायचा. सोमेशनं मोबाईल वर धरला.

"हे बघा. दहा दिवस ऊन दाखवायलंय. रोज ऊन. ढग बी न्हाय."

"मोबाईलला नदी ठाऊक हाय का?" गुरुसिद्धप्पा म्हणाला.

दोघं-तिघं हसले. गुरुसिद्धप्पाला बरं वाटलं. पण हसणारे म्हातारेच होते, आणि तरुणांच्या तोंडावर काही हललं नाही.

"अप्पा, नदी तुमाला ठाऊक हाय, मान्य," धुळाप्पा उठून उभा राहिला. "मग गेल्या सालचं सांगा. समद्यांनी म्हनलं दारं टाका, तुमी म्हनलाव पाऊस हाय. आठ दिस थांबिवलं. पडला पाऊस? थेंब पडला न्हाय. डोह निम्मा भरला. माघात विहीर आटली, बायका टँकरमागं पळाल्या. माज्या दोन म्हशी पान्यावाचून बाजारात गेल्या, वैरण असून. आनि त्या आठ दिसांत तुमच्या पट्टीतलं सोयाबीन मळून घरला गेलं. डोह भरला असता तर पट्टीचा खालचा निम्मा भाग दलदल झाला असता, मळणी यंत्र आत आलं नसतं. खोटं हाय का?"

कट्ट्यावरचे सगळे गुरुसिद्धप्पाकडं वळले.

खोटं नव्हतं. गेल्या वर्षी खुणा तिन्ही पटल्या होत्या. धोतर चांगलं पिंढरीपर्यंत भिजलं होतं. पण मळणी यंत्र दुसऱ्या गावाला अडकलं होतं, सोयाबीनचा ढीग पट्टीत खालच्या अंगाला पडला होता, आणि गुरुसिद्धप्पानं स्वतःशी म्हटलं होतं की दोन दिवसांनी काय होतंय. दोनाचे चार झाले आणि चाराचे आठ. रोज कुणीतरी विचारायचं, आणि रोज तो आभाळाकडं बघून मान हलवायचा. हे इरम्माला ठाऊक होतं, दुसऱ्या कुणाला नाही. म्हणजे त्याला तसं वाटत होतं.

यंदा त्याचं सोयाबीन कधीच घरी आलं होतं. यंदा तो खरं बोलत होता. पण खरं ठासून बोलायला जी छाती लागते ती गेल्या साली त्यानं सोयाबीनच्या ढिगाबरोबर विकून टाकली होती. "पाऊस येनार हाय" एवढे तीन शब्द होते. ते ओठांपर्यंत आले आणि तिथंच राहिले.

"बोला की, अप्पा," सोमेश म्हणाला.

बैठकीत मागतील म्हणून खुंटीवरून आणलेली किल्ली गुरुसिद्धप्पानं कनवटीतून काढली आणि कट्ट्यावर ठेवली.

"टाका दारं," तो म्हणाला.

घरी आल्यावर इरम्मानं ताट वाढलं. मुलगा शिवप्रसाद आधीच बैठकीतून येऊन बसला होता. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"हो म्हनलाव तुमी?" इरम्मानं विचारलं.

"म्हनलं."

"कामून? पट्टी जाईल की."

"बोलायला तोंड न्हवतं."

इरम्मानं भाकरीचा तुकडा मोडला आणि परत टोपलीत ठेवला. शिवप्रसाद बापाकडं आणि मग आईकडं बघू लागला. गेल्या वर्षी तो पुण्याला कामाला होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही.

दारं टाकायला दोन दिवस लागतात. एकेक दार चौघांनी उचलायचं. वरून उन्हात तापलेलं, खाली गंजलेलं, आणि हात कुठंही धरला तरी कातडं सोलणारं. खोलीतून काढायचं, भिंतीवरून चालत न्यायचं, साखळीच्या आकड्याला अडकवायचं आणि खाचेत सोडायचं. दार खाचेत सरळ उतरलं तर एकसारखा आवाज येतो. तिरकं बसलं तर मध्येच अडकतं, मग वर ओढा, पुन्हा सोडा. खाचेत गाळ बसलेला असतो, तो आधी पहारीनं खरवडून काढावा लागतो. त्यासाठी कुणीतरी कंबरभर पाण्यात उतरायचं.

गुरुसिद्धप्पा स्वतः उतरला. वय चौसष्ट, पण खाचेत पहार कुठं लागते आणि कुठं नाही हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. धुळाप्पा वर साखळी धरून होता. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होते.

"सोड."

"सोडलं."

"थांब. जरा वर. आता सोड."

सातव्या गाळ्याला दार अचानक घसरलं आणि गुरुसिद्धप्पाचा अंगठा दार आणि दगडाच्या मध्ये सापडला. तो ओरडला नाही. पाण्यात लाल धागा निघाला आणि लांबत गेला. धुळाप्पानं वरून बघितलं आणि साखळी शिवप्रसादच्या हातात देऊन खाली उडी घेतली.

"वर जावा तुमी. म्या बघतो."

"ऱ्हाऊ दे. अजून नऊ गाळे हायत."

"जावा म्हनतोय ना."

अंगठ्याला फडकं बांधून गुरुसिद्धप्पा वर भिंतीवर बसला आणि तिथून सांगत राहिला. दारांच्या फटींत चिंध्या आणि काळी माती कोंबायचं काम बायकांनी केलं. दुसऱ्या दिवशी सूर्य कलला तेव्हा सोळावा गाळा मिटला. नदीचा आवाज बंद झाला. चार महिने जो आवाज कानात होता तो एकाएकी गेल्यावर सगळे जरा बावरल्यासारखे एकमेकांकडं बघू लागले. मग कुणीतरी नारळ फोडला.

तिसऱ्या दिवशी डोह निम्मा भरला. चौथ्या दिवशी पाणी सगळ्यांत वरच्या, चौथ्या दाराला टेकलं. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. सोमेश भिंतीवर उभा राहून मोबाईलवर फोटो काढत होता. काठावर मोटारी सुरू झाल्या, म्हशी पाण्यात बसल्या, बायकांनी चिखलाच्या वासाच्या वाकळा पुन्हा एकदा काढून धुतल्या. भेटेल तो गुरुसिद्धप्पाला म्हणायचा, "काय अप्पा, कुठं हाय पाऊस?" चेष्टाच होती, वाईट नव्हती. त्यानं हसून मान हलवायची असं ठरवलं होतं, आणि तशी तो हलवत होता.

पण त्याला बसवत नव्हतं. तो पट्टीत जायचा, बंधाऱ्याचा खांदा जिथं मातीला टेकतो तिथं उकिडवा बसून मातीवर हात ठेवायचा. ओल किती वर आली ते बघायचा. हरभरा पेरायला पट्टीचा वरचा कोरडा भाग तयार होता, पण बियाणं घरातच पडून होतं. शिवप्रसाद दोनदा म्हणाला की पेरून टाकू, आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, थांब. सहाव्या दिवशी दुपारपासून हवा कोंदली. पानही हलेना. अंगातून घामाच्या धारा लागल्या आणि माशा अंगावर चिकटून बसू लागल्या. दिवस मावळताना वरच्या अंगाला, माळाच्या पलीकडं, वीज चमकली. आवाज नाही, नुसता उजेड. पुन्हा चमकली.

तो सोमेशच्या घरी गेला.

"दोन-दोन दारं तरी वर काढू. वरली. आत्ताच. मानसं जमव."

"अप्पा, हितं चांदनं पडलंय."

"पाऊस हितं न्हाय पडनार. वर पडलाय. सकाळी पानी हितं येईल."

सोमेशनं मोबाईल बघितला, मग आभाळ बघितलं. "एवढा भरलेला डोह सोडून द्यायचा? लोक मला जोड्यानं मारतील. सकाळी बघू," तो म्हणाला.

गुरुसिद्धप्पा धुळाप्पाच्या दाराशी गेला आणि हाक न मारताच परतला. काय सांगणार होता तो? गेल्या साली हेच सांगितलं होतं.

फटफटताना नदी आली.

आधी रंग आला, डोहाच्या वरच्या तोंडाला तांबूस. मग काड्या, मग आख्खं झुडूप. गुरुसिद्धप्पा आणि शिवप्रसाद भिंतीवर होतेच. पळत पळत माणसं आली, दहा, बारा, पंधरा. धुळाप्पा सगळ्यांच्या पुढं. आकडे दाराच्या कड्यांत घालून साखळ्या ओढायला सुरुवात झाली. पहिली चार दारं निघाली. पाचवं निघालं. मग पाणी दारांच्या वरून वाहू लागलं, भिंतीवर घोटाभर, आणि दारं खाचेत अशी दाबली गेली की चौघांनी लोंबकळूनही हलेनात. पाण्याच्या जोरानं लोखंड खाचेत शिवल्यासारखं झालं होतं.

धुळाप्पा कमरेला दोर बांधून आठव्या गाळ्यावर वाकला आणि पहारीनं दार उकलू लागला. एक ओंडका आला आणि त्याच्या बाजूनं भिंतीवर आदळून उडाला.

"सोड," गुरुसिद्धप्पा ओरडला. "धुळाप्पा, सोड ते. वर ये."

"निघायलंय, अप्पा."

"निघत न्हाय ते. लेकराबाळांचा बाप हायस. ये म्हनतोय ना."

शिवप्रसादनं आणि दोघांनी दोर ओढला. धुळाप्पा भिंतीवर आडवा पडला, त्याच्या छातीवर खरचटल्याच्या रेघा होत्या. तेवढ्यात डाव्या अंगाला ढप्प असा आवाज झाला. मोठा नव्हता. म्हैस बसावी एवढाच. गुरुसिद्धप्पाला मान वळवायचीही गरज पडली नाही.

बंधाऱ्याच्या खांद्यामागून माती सुटली होती. आधी हातभर फट, मग बैलगाडी जाईल एवढी, मग नदी जाईल एवढी. कडब्याची खोप उभीच्या उभी पाण्यावर बसली, दोन पावलं गेली आणि विस्कटली. काळी माती ताटलीतलं लोणी कापावं तशी कापत कापत पाणी आत शिरत होतं. इरम्मा पट्टीच्या वरच्या बांधावर आली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि तिथंच बसली. शिवप्रसाद तिच्याकडं पळाला. गुरुसिद्धप्पा भिंतीवरून हलला नाही. त्याला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्हीही कुणावर काढावं ते समजत नव्हतं.

दुपारपर्यंत पूर ओसरला. बंधारा जागच्या जागी होता, पाच सोडून त्याची बाकीची दारंही जागच्या जागी होती, आणि नदी तिथं नव्हती. ती पट्टीतून वाहत होती. वर मुरमाच्या कडेला अर्ध्या एकराचा तुकडा तेवढा शिल्लक राहिला होता.

तिसऱ्या दिवशी गाव नदीवर जमलं. सोमेशनं कुठूनतरी जेसीबी आणलं होतं. फुटलेल्या जागी मातीचा बांध घालून नदी परत बंधाऱ्याकडं वळवायची, म्हणजे अजून जी धार आहे ती तरी अडवता येईल, असं त्याचं म्हणणं होतं. यंत्र एकाच दिवसापुरतं मिळालं होतं. उद्या ते दुसऱ्या गावाला जाणार होतं, कारण पुरानं फुटलेले बांध बरेच होते.

गुरुसिद्धप्पा आला तसे लोक बाजूला झाले. बसायला कुणीतरी पोतं अंथरलं. जे पूर येईपर्यंत "कुठं हाय पाऊस" म्हणत होते ते आज नजर खाली घालून उभे होते. सोमेश पुढं आला.

"अप्पा, चुकलं आमचं. तुमी सांगत व्हता, आमी ऐकलं न्हाय."

"व्हय," एक म्हातारा म्हणाला. "अप्पाचा शब्द खाली पाडला, म्हनून हे झालं."

धुळाप्पानं हात जोडले. त्याच्या छातीवरचे ओरखडे अजून ओले होते. "म्या लई वंगाळ बोललो, अप्पा. गेल्या सालचं खामखा काढलं. तुमच्यावर आळ घेतला. पट्टी गेली ती माज्या तोंडानं गेली."

गुरुसिद्धप्पा पोत्यावर बसला नव्हता. गेले तीन दिवस त्याला भाकर गेली नव्हती, झोप आली नव्हती, आणि आता हे समोर आलं होतं. अडीच एकरातली दोन एकर गेली, पण शब्द परत मिळत होता, सगळ्या गावादेखत, जोडलेल्या हातांत. नुसती मान हलवली की झालं. इरम्मा मागं बायकांत उभी होती. तिनं त्याच्याकडं बघून हळूच म्हटलं, "साकु. चला घरी." पुरे झालं, असं.

"आळ न्हवता त्यो," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

कुणाला नीट कळलं नाही.

"गेल्या साली खुना पटल्या व्हत्या. तिन्ही. सोयाबीन पट्टीत पडलं व्हतं, यंत्र येईना. म्हनून म्या आठ दिस थांबिवलं. पाऊस न्हवता, मला ठाऊक व्हतं. धुळाप्पा बोलला ते खरं हाय. तुज्या म्हशी माज्यापायी गेल्या, धुळाप्पा. यंदा खरं बोलायची वेळ आली तवा तोंड उचललं न्हाय माजं. पट्टी माज्याच तोंडानं गेली."

शिवप्रसाद बापाकडं बघतच राहिला. सोमेशनं उगाच मोबाईल बाहेर काढला आणि परत खिशात घातला. जोडलेले हात धुळाप्पानं कधी सोडले ते कुणी बघितलं नाही. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला. तो खालच्या स्वरात म्हणाला, "इकत आनलेल्या न्हवत्या त्या. घरच्या पैदाशीच्या व्हत्या. आई चारायची त्यांना."

"ठावं हाय."

"आठ दिस."

"आठ."

धुळाप्पा वळला आणि नदीच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला. आता हा भांडणार, की निघून जाणार, की पुढची दहा वर्षं बोलणार नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. गुरुसिद्धप्पालाही नाही. पण तीन दिवसांत पहिल्यांदा त्याची छाती जरा मोकळी झाली होती, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

जेसीबीच्या ड्रायव्हरनं वैतागून हॉर्न वाजवला. "काय ते सांगा लवकर. माती कुठली उचलायची?"

आसपास चिकट काळी माती एकाच ठिकाणी होती. सगळ्यांचे डोळे त्या उरलेल्या अर्ध्या एकराकडं गेले आणि तिथून पटकन परत आले.

"तीच घ्या," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "मुरमाचा बांध टिकनार न्हाय. माजी परवानगी हाय."

ड्रायव्हरनं यंत्र सुरू केलं. तेव्हा धुळाप्पा परत आला. तो सोमेशकडं गेला नाही, ड्रायव्हरकडं गेला नाही. तो गुरुसिद्धप्पाच्या पुढ्यात येऊन उभा राहिला, आणि आवाजात अजून राग तसाच होता.

"अप्पा, एक सांगा. आता तरी खरं सांगा. पाऊस गेला का?"

गुरुसिद्धप्पानं आभाळ बघितलं. पश्चिमेला पांढुरके ढग होते, ते कुठंच जात नव्हते. त्यानं वाकून पाण्यात हात घातला आणि ते गढूळ पाणी बोटांतून खाली सोडलं. तीस वर्षांत या प्रश्नाला त्यानं व्हय किंवा न्हाय यापलीकडं उत्तर दिलं नव्हतं.

"मला ठाऊक न्हाय," तो म्हणाला. "पन माजं विचारशील तर आज बांध घालू नये. पुन्हा पानी आलं तर ह्यो बी फुटंल. चार दिस थांबावं."

"चार दिस?" सोमेश पुढं झाला. "यंत्र आजच्या दिवस हाय, अप्पा. उद्या मागून मिळनार न्हाय. आनि धार रोज कमी व्हायली. चार दिसांनी पाऊस आलाच न्हाय तर?"

"तर माजं चुकलं. धार बी गेली आनि यंत्र बी गेलं."

यंत्र जागेवर धडधडत होतं. सगळे धुळाप्पाकडं बघत होते, कारण गेल्या साली ज्याचं गेलं होतं तो तोच होता. त्यानं गुरुसिद्धप्पाच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग तो ड्रायव्हरकडं वळला.

"बंद कर बाबा. जा तू दुसऱ्या गावाला."

"आनि बांध?" सोमेशनं विचारलं.

"चार दिसांनी टोपल्यांनी घालू. हात हायत की गावाला," धुळाप्पा म्हणाला.

यंत्र वळलं आणि चढ चढून रस्त्याला लागलं. त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. मग धुळाप्पा गुरुसिद्धप्पासाठी अंथरलेल्या पोत्यावर एका कडेला बसला आणि दुसरी कड त्यानं हातानं झटकली. गुरुसिद्धप्पा तिथं बसला. समोर पट्टीतून पाणी कर्नाटकाकडं चाललं होतं, आणि दोघं ते जाताना बघत राहिले.